दहातले दोन शॉट का बिघडतात? एस्प्रेसो आणि वाईट दाणे

प्रश्न थोडक्यात असा आहे: चिकमगळूरकडची मध्यम भाजलेली अरेबिका कॉफी, १८ ग्रॅम डोस (एका शॉटला, म्हणजे एका एस्प्रेसोला, लागणारी दळलेली कॉफी), कपात ३६ ग्रॅम, वेळ २८ सेकंद. ग्राइंडर तोच, मशीन तेच, पाणीही तेच. सात-आठ शॉट छान उतरतात आणि मध्येच एखादा शेंगदाण्याच्या टरफलासारखा कोरडा-तुरट लागतो, तर एखाद्याला कुजकट, आंबूस वास येतो. वजन आणि वेळ मात्र जागच्या जागी. तर ग्राइंडर बदलावा का?

बदलू नका. मशीनची चूक शिस्तीची असते. पाणी जास्त तापत असेल तर सगळेच कप कडू लागतील, ग्रुपहेडमध्ये (जिथून पाणी कॉफीवर येतं त्या भागात) जुनं तेल साठलं असेल तर सकाळपासून रात्रीपर्यंत तोच खवटपणा येईल. वाईट दाणा असा नेमाने येत नाही, तो लॉटरीसारखा येतो. चांगला, चांगला, वाईट, पुन्हा चांगला अशी चाल दिसली की ग्राइंडरला हात लावायच्या आधी पिशवी ताटात ओता आणि दाणे बघा. चॅनेलिंगसुद्धा (दाबलेल्या कॉफीतून पाण्याने एकाच वाटेने पळणं) असंच अधूनमधून त्रास देतं हे खरं, पण ते लपून राहत नाही. धार एका बाजूला पळते, वेळ चार-पाच सेकंदांनी हलते, फुटका पक (दाबलेल्या कॉफीची चकती) दिसतो. तुमच्याकडे वेळ-वजन हललेलं नाही, म्हणून संशय दाण्यावर.

मूठभर भाजलेले शेंगदाणे खाताना त्यात एकच खवट दाणा आला तर काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. एस्प्रेसोत तेच होतं, फक्त त्याला आकडे लावता येतात. भाजलेल्या अरेबिकाचा एक दाणा सरासरी ०.१४ ग्रॅमच्या आसपास भरतो. इटलीतल्या पारंपरिक ७ ग्रॅमच्या शॉटमध्ये म्हणजे पन्नासेक दाणे, तुमच्या १८ ग्रॅममध्ये १३० च्या आगेमागे, आणि २५० ग्रॅमच्या पिशवीत सुमारे १,८००. या १,८०० मध्ये फक्त चार दाणे खरोखर वाईट आहेत असं धरा. टक्केवारीत ते ०.२२, म्हणजे काहीच नाही. पण त्या पिशवीतून शॉट निघतात तेरा-चौदा, आणि ते चार दाणे विखुरलेले असतील तर तीन-चार शॉटवर त्यांची सावली पडते. तुम्ही सांगता ते प्रमाण याच्याशी बरोबर जुळतं. दोषाचं प्रमाण १ टक्का असेल तर १३० दाण्यांचा एखादा शॉट पूर्ण स्वच्छ निघण्याची शक्यता जेमतेम २७ टक्के उरते.

डोस लहान केला तर वाईट दाणा कमी वेळा सापडतो, पण सापडला की जोरात लागतो: पन्नासात एक म्हणजे २ टक्के, एकशे तीसमध्ये एक म्हणजे पाऊण टक्का. इटलीतल्या त्रिएस्तचे रसायनतज्ज्ञ एर्नेस्तो इली यांनी पन्नास-पंचावन्न दाण्यांचा हाच हिशेब मांडून एक वाईट दाणाही एस्प्रेसोला पुरतो असं सांगितलं होतं. ते ७ ग्रॅमच्या जगाचं गणित. आजच्या मोठ्या बास्केटमध्ये (कॉफी भरायच्या जाळीच्या वाटीत) एका दाण्याची धार थोडी बोथट होते, पण प्रत्येक शॉटमध्ये काहीतरी येण्याची शक्यता वाढते.

आता हाच दाणा कागदी फिल्टरच्या कॉफीत का कळत नाही? लिटरभर पाण्याला ६० ग्रॅम कॉफी घातली तर त्यात चारशेवर दाणे असतात, आणि एका दाण्याचा अर्क साडेआठशे-नऊशे मिलिलिटर पेयात पसरतो. एस्प्रेसोत तोच अर्क ३६ ग्रॅममध्ये कोंबलेला असतो, म्हणजे वीस-पंचवीस पट दाट. शिवाय कागदी फिल्टर तेल धरून ठेवतो, तर ९ बारच्या दाबाखाली तेच तेल बारीक थेंब होऊन कपात उतरतं. बुरशीचे आणि औषधी वासाचे कितीतरी रेणू तेलातच विरघळतात, ते तेलाबरोबर सरळ जिभेवर येतात. वरून क्रेमाचे, म्हणजे वरच्या तपकिरी फेसाचे, बुडबुडे फुटून उडणारे वास नाकाजवळ आणतात, त्यात चांगले-वाईट असा भेद नाही. दक्षिणेतल्या फिल्टर कॉफीत चिकोरी, उकळतं दूध आणि साखर मिळून बरेच दोष पोटात घेतात. त्यामुळे घरात वर्षानुवर्षं चांगली लागलेली कॉफी एस्प्रेसो मशीनमध्ये घातल्यावर उघडी पडते, आणि लोकांना वाटतं मशीन बिघडलं.

कुठला दाणा काय करतो

सगळे दोष सारखे नसतात. काही दाणे एकटे कप घालवतात, काहींना टोळी करावी लागते. हा फरक डोक्यात ठेवला तर निवडताना वेळ वाया जात नाही.

तुमच्या टरफलाच्या चवीमागे जवळजवळ नक्की क्वेकर आहेत. क्वेकर म्हणजे भाजल्यावरही फिकट राहिलेला दाणा, बाकीचे तपकिरी आणि हा शेंगदाण्याच्या सालीच्या रंगाचा. फळ कच्चं तोडलं, किंवा झाडाला पाणी-खत कमी पडून बी पोसलंच नाही, की असं होतं. त्या बीमध्ये साखर कमी असते, त्यामुळे भाजताना रंग आणि सुगंध तयार करणाऱ्या प्रक्रियेला कच्चा मालच मिळत नाही. उलट तुरटपणा आणणारी क्लोरोजेनिक आम्लं कच्च्या दाण्यात जास्त असतात. हिरवा, म्हणजे न भाजलेला, असताना तो ओळखणं कठीण. सराव असेल तर चंदेरी पापुद्रा घट्ट चिकटलेला, रंग हिरवट-पिवळा, दाणा जरा नावेसारखा आत वळलेला असं काही दिसतं. भाजल्यावर मात्र तो चुगली करतोच, फक्त भाजणी मध्यम किंवा हलकी हवी. गडद भाजणीत सगळेच काळे होतात आणि क्वेकर गर्दीत मिसळतात. रंग लपतो, चव लपत नाही: कागद, पुठ्ठा, टरफल, आणि घोट गेल्यावर गालांच्या आतल्या बाजूला येणारा कोरडेपणा. खात्री करायची तर एक फिकट दाणा आणि एक नीट भाजलेला दाणा वेगवेगळे चावून बघा. नीट दाणा कडकन फुटतो, कडू-गोड लागतो. क्वेकर भुसभुशीत फुटतो आणि जुन्या पॉपकॉर्नसारखा लागतो.

पण एकटा क्वेकर सौम्य असतो. १३० दाण्यांत एक आला तर बहुतेकांना कळणारही नाही. तीन-चार झाले की गोडवा मागे सरतो, शेवट कोरडा होतो. पाच-सहाच्या पुढे दूध घातलं तरी कळतं.

तुमचा दुसरा, कुजकट वासाचा शॉट वेगळ्या जातीचा आहे. त्याला कॉफीच्या व्यवहारात स्टिंकर म्हणतात, आणि हा खरा खलनायक. ओल्या प्रक्रियेत फळाची साल पल्परमध्ये काढतात, मग चिकट थर सुटेपर्यंत बिया टाकीत आंबवतात. थर सुटला की मूठ दाबल्यावर बिया खड्यांसारख्या खरखरीत लागतात, तेव्हा धुवायच्या. आता पल्परच्या खाचेत किंवा टाकीच्या कोपऱ्यात चार बिया अडकून राहिल्या आणि दुसऱ्या दिवशीच्या मालाबरोबर पुन्हा आंबल्या, तर त्या आतून कुजतात. बाहेरून त्या जवळपास बाकीच्यांसारख्याच दिसतात. रंग बघून दाणे उडवणारी ऑप्टिकल सॉर्टिंग मशीनसुद्धा त्यातल्या काही सोडते. अतिनील दिव्याखाली त्या पुष्कळदा चमकतात, म्हणून काही ठिकाणी तसा दिवा वापरतात. भाजल्यावर तर डोळ्यांनी शोधायची सोयच उरत नाही. दाणा फुटेपर्यंत वास आत कोंडलेला, आणि दळला की सगळा चुरा घाण. इथे एक दाणा पुरतो. यावर इलाज शेतावरच आहे: रोज संध्याकाळी पल्पर आणि टाक्या कोपऱ्यांसकट धुणे. ज्या मळ्यावर हे होत नाही तिथला महागडा मालसुद्धा असा दगा देतो.

आंबट दाणे याच कुटुंबातले, पण ते दिसतात. हिरव्या मालात पिवळसर ते लालसर-तपकिरी, नखाने खरवडले तर शिरक्यासारखा वास. जमिनीवर पडलेली, जास्त पिकलेली फळं किंवा तोडून ढीग करून ठेवलेला माल ही त्यांची कारणं. एस्प्रेसोत ते शिरका आणि सडक्या फळाची चव देतात. काळे दाणे बहुधा झाडावरच मेलेले किंवा जमिनीवर पडून राहिलेले असतात. ते भाजणीत बाकीच्यांच्या बरोबरीने शिजत नाहीत, त्यांच्यामुळे कपाला राखट, बोचरा कडवटपणा येतो. ब्राझीलमध्ये काळे, हिरवे (कच्चे) आणि आंबट या तिघांना मिळून पोर्तुगीज आद्याक्षरांनी ‘पीव्हीए’ म्हणतात. निर्यातीच्या मालातून निवडून काढलेले हे दाणे तिथल्या देशी बाजारातल्या स्वस्त मिश्रणात जातात, आणि गडद भाजणी का लागते ते अशा वेळी समजतं.

किडक्या दाण्याला भोक असतं, टाचणीने टोचल्यासारखं. हे काम बेरी बोरर या इवल्याशा भुंग्याचं. भारतात तो पहिल्यांदा १९९० मध्ये निलगिरीतल्या गुडलूरला आढळला. एका भोकाने चव फारशी बिघडत नाही. पण तीन-चार भोकं असलेल्या दाण्यात बुरशीला दार उघडं मिळतं, तिथून ओल्या तळघराचा वास सुरू होतो. बुरशी लागलेला दाणा मात्र निःसंशय फेकायचा, तिथे चवीबरोबर ऑक्रॅटॉक्सिनसारख्या विषारी द्रव्याचाही प्रश्न असतो आणि ते भाजून पूर्ण जात नाही.

रिओ नावाचा दोष इथे क्वचित भेटतो, पण ब्राझीलचा स्वस्त माल मिश्रणात असेल तर ओळखता यायला हवा. आयोडीन, दवाखाना, जुना बँडेज असा वास. त्यामागे मुख्यत: २,४,६-ट्रायक्लोरोॲनिसोल हा रेणू, जो वाइनच्या बुचालाही नासवतो. नाकाला तो अगदी सूक्ष्म प्रमाणातही कळतो, दूध-साखर त्याच्यापुढे हतबल. गंमत म्हणजे तुर्कस्तान, ग्रीस, लेबनॉनमध्ये हीच चव अनेकांना हवी असते आणि तसा माल मुद्दाम मागवला जातो. रवांडा-बुरुंडीच्या कॉफीत कच्च्या बटाट्याचा वास येणारा दाणा असतो. तिथे अँटेस्टिया नावाचा ढेकणासारखा किडा फळ टोचतो, आणि दाण्यात पायराझीन जातीचं एक द्रव्य तयार होतं. हाही एक दाणा कप घालवणारा. वास चुऱ्यातच येतो, तेवढा डोस फेकायचा, ग्राइंडरमधून तीन-चार ग्रॅम कॉफी जाऊ द्यायची, पुढचा शॉट ठीक.

तुकडे, कपच्या आणि शिंपल्यासारखे पोकळ दाणे हे चवीने तितके वाईट नाहीत, पण भाजणीत भानगड करतात. पातळ असल्यामुळे ते आधी करपतात, आणि आख्खे दाणे मध्यम भाजले जात असताना हे राख होतात. दळताना त्यांचा भुगा जास्त होतो. पांढुरके पोचट दाणे, जे पाण्यावर तरंगतात, ते चुकीच्या वाळवणीचे किंवा ओलसर साठवणीचे. त्यांची चव म्हणजे गवत आणि लाकूड. भाजल्यानंतर फुटलेले दाणे दोषात धरू नयेत, पिशवी आदळली की ते होतंच. पीबेरी, म्हणजे फळात एकच गोल दाणा येणं, हाही दोष नाही.

खडा. त्याची चव नाही, पण ग्राइंडरचं बर, म्हणजे दळणारं पातं, आयुष्यभर लक्षात ठेवतं. दळताना कर्र असा आवाज आला तर लगेच बंद.

आधी दोष कुणाचा ते ठरवा

एस्प्रेसो मशीन बाजूला ठेवून एक चाचणी करा, ४२ ग्रॅम कॉफी लागेल. पाच सारख्या वाट्या किंवा कप घ्या. प्रत्येकासाठी ८.२५ ग्रॅम दाणे वेगवेगळे मोजा आणि वेगवेगळे दळा. एकत्र दळून वाटून घेतलं तर चाचणी वाया गेली, कारण एका दाण्याची घाण पाचांत वाटली जाईल. दळण फिल्टरसारखं जाडसर. प्रत्येकात ९३ अंशांचं १५० मिलिलिटर पाणी ओता, चार मिनिटांनी वर आलेला थर चमच्याने मोडा, मोडतानाच नाक जवळ न्या. फेस काढून टाका आणि कोमट होत जाताना चाखत राहा, दोष थंड होताना जास्त बोलतात.

पाचही कप सारखेच वाईट असतील तर लॉट, भाजणी किंवा पाणी यांच्यात खोट आहे. चार चांगले आणि एक वेगळा असेल तर दाणा. व्यावसायिक कपिंगमध्ये (चव तपासणीत) पाच कप याचसाठी मांडतात आणि कप एकसारखे आहेत का, स्वच्छ आहेत का याचे गुण कपागणिक वेगळे देतात.

चवीवरून फरक करायचा तर आंबटपणा घ्या. कमी अर्क उतरल्याचा आंबटपणा लिंबासारखा टोकदार, थोडा खारट असतो आणि दळण बारीक केलं की गोडव्याकडे सरकतो. आंबट दाण्याचा आंबटपणा शिरक्यासारखा, आणि दळण बारीक केलं तर तो आणखी वर येतो, कारण तुम्ही त्याचाच अर्क जास्त काढता. तुरटपणाचंही तसंच: चॅनेलिंगचा तुरटपणा पक नीट पसरवला की कमी होतो, क्वेकरचा होत नाही. इथे बहुतेक जण चुकतात. एक वाईट शॉट आला की दळण हलवतात, पुढचा नशिबाने चांगला येतो, वाटतं सेटिंग जमलं. मग पुन्हा वाईट येतो, पुन्हा हलवतात. दिवसअखेर चांगल्या दाण्यांचंही सेटिंग बिघडलेलं असतं. नियम सोपा ठेवा: एकाच प्रकारची खोट सलग तीन शॉटमध्ये आल्याशिवाय ग्राइंडरला हात नाही.

त्याआधी अर्थात मशीन स्वच्छ आहे ना ते बघा. आंधळी (भोकं नसलेली) बास्केट आणि डिटर्जंट लावून बॅकफ्लश, म्हणजे पाणी उलटं फिरवून धुणे, शॉवर स्क्रीन (पाणी पसरवणारी जाळी) काढून घासणे, हॉपरच्या (ग्राइंडरवरच्या दाण्यांच्या डब्याच्या) भिंतींवरचं तेल कोरड्या फडक्याने पुसणे.

निवडायचं कसं

तांदूळ निवडायची सवय असलेल्या घरात हे शिकवावं लागत नाही. मोठं ताट किंवा परात घ्या, पण स्टीलची चमक डोळ्यांना फसवते, म्हणून त्यावर पांढरा मॅट कागद टाका. खिडकीजवळचा दिवसाचा उजेड उत्तम. पिवळ्या बल्बखाली क्वेकर आणि नीट दाणा सारखेच दिसतात. एका वेळी १०० ग्रॅम, दाणा दाण्यावर चढणार नाही असे पसरा. आधी फिकट उचला, मग करपलेले तुकडे आणि कपच्या, मग भोकं असलेले, करपलेले, विचित्र आकाराचे. ताट हलवून दाणे उलटे करा आणि पुन्हा एक नजर. २५० ग्रॅमला सुरुवातीला दहा मिनिटं लागतील, सवय झाली की पाच. काढलेले दाणे फेकू नका, प्रकारानुसार डबीत ठेवा आणि १०० ग्रॅममध्ये किती निघाले ते लिहा.

रंगात थोडं कमी-जास्त असलेला प्रत्येक दाणा क्वेकर नसतो. नैसर्गिक पद्धतीने, फळासकट वाळवलेल्या कॉफीत, म्हणजे भारतीय बाजारात जिला ‘चेरी’ म्हणतात त्या मालात, रंग मुळातच एकसारखा नसतो. तिथे फक्त ठळक फिकट उचला, नाहीतर अर्धी पिशवी डबीत जाईल.

डबीतल्या क्वेकरचा एक उपयोग आहे. निवडलेल्या दाण्यांचे १८ ग्रॅमचे तीन डोस करा: एक तसाच, दुसऱ्यात दोन दाणे काढून दोन क्वेकर, तिसऱ्यात सहा. तिन्ही त्याच सेटिंगवर, त्याच वजनाला काढा, दुसऱ्या कुणाला कप हलवायला सांगा आणि न बघता चाखा. आपली जीभ किती दाण्यांना ओळखते ते एकदा कळलं की किती कडक निवडायचं हे ठरवता येतं. दोन ओळखता येत नसतील तर रोज दहा मिनिटं ताटावर वाकून बसण्यात अर्थ नाही.

स्टिंकर मात्र ताटात सापडणार नाही, त्याला नाकानेच पकडायचं. हॉपर भरून ठेवण्यापेक्षा शॉटगणिक मोजून दळा आणि टॅम्प करायच्या (दाबून बसवायच्या) आधी चुरा हुंगा. पाच सेकंदांचं काम. कुजकट, औषधी किंवा बटाट्याचा वास आला तर तो डोस टाका, तीन-चार ग्रॅम चांगली कॉफी दळून फेका आणि पुन्हा मोजा. हॉपरवाल्या कॅफेत हे जमत नाही, तिथे बारिस्ताने निदान पोर्टाफिल्टर (बास्केट धरणारी मुठीची पळी) नाकाखालून नेऊन मगच लावायची सवय ठेवावी. गिऱ्हाइकाच्या तोंडाचा कप बदलून देण्यापेक्षा स्वस्त पडतं.

निवडणं शक्य नसेल आणि पिशवी तर संपवायचीच असेल, तर क्वेकरचा तुरटपणा थोडा झाकता येतो: १८ ला ३६ ऐवजी ३० ग्रॅमवर थांबा, तापमान दोन अंश उतरवा, दूध घाला. कुजकट किंवा रिओ वासावर यातलं काही चालत नाही.

विकत घेताना

लेबलवरचा ‘प्लँटेशन एए’ हा शब्द लोक शुद्धतेचं प्रमाणपत्र समजतात. त्यातलं ‘प्लँटेशन’ म्हणजे धुतलेली, ओल्या प्रक्रियेतली अरेबिका, आणि ‘एए’ म्हणजे मुख्यत: चाळणीचा आकार, १८ नंबरची, ७.१० मिलिमीटर भोकांची. मोठा दाणा स्टिंकर असू शकतो, आणि लहानखुरा ‘बी’ ग्रेड नीट निवडलेला असेल तर कपात स्वच्छ लागतो.

‘स्पेशल्टी’ या शब्दाच्याही मर्यादा माहीत असू द्या. स्पेशल्टी कॉफी असोसिएशनच्या बरीच वर्षं रूढ असलेल्या पद्धतीत हिरव्या मालाचा ३५० ग्रॅमचा नमुना तपासतात. पूर्ण काळा, पूर्ण आंबट, बुरशीचा, फार किडका अशा पहिल्या वर्गातला एकही दोष चालत नाही, दुसऱ्या वर्गातले पाच ‘पूर्ण दोष’ चालतात. पण पाच कच्चे दाणे मिळून एक पूर्ण दोष होतो. म्हणजे कागदावर पंचवीस कच्चे दाणे आत बसतात. त्यावर आळा घालायला भाजलेल्या १०० ग्रॅममध्ये क्वेकर शून्य हवा असा नियम आहे. आता १०० ग्रॅममध्ये दाणे सातशे. एखाद्या लॉटमध्ये हजारी एक क्वेकर असेल तर सातशेच्या नमुन्यात एकही न सापडण्याची शक्यता निम्मी. तपासणी चोख झाली तरी असा लॉट पास होतो, आणि मग तुमच्या दर आठव्या शॉटमध्ये एक क्वेकर येतो. रोस्टरने (कॉफी भाजणाऱ्याने) फसवलं असं लगेच म्हणू नये ते यासाठी. विचारायचं ते हे: भाजल्यानंतर निवड होते का, हाताने की मशीनने, पीक कुठल्या वर्षाचं, गोदामात पावसाळा काढलाय का. मुंबई किंवा कोकणपट्टीत साध्या तागाच्या पोत्यात हिरवा माल जुलै-ऑगस्टमध्ये ठेवला तर तो हवेतलं पाणी पितो. ओलावा १२.५ टक्क्यांच्या वर गेला की बुरशीची वाट मोकळी.

मात्र ‘मॉन्सून्ड मलबार’ हा अपवाद नीट समजून घ्या. मंगळुरूच्या बाजूला जून ते सप्टेंबर दाणे मुद्दाम दमट वाऱ्यावर पसरतात, ते फुगतात, फिके सोनेरी होतात, आम्लता जवळजवळ जाते. दुसऱ्या कुठल्याही पोत्यात असे फिके, फुगलेले दाणे निघाले तर आपण त्यांना पोचट म्हणून काढले असते. इथे मात्र तेच हवं असतं, आणि एस्प्रेसो मिश्रणात जाड अंग आणि भरपूर क्रेमा यासाठी ते घेतात. अशा पिशवीत रंगावरून निवडू नका, फक्त काळे आणि बुरशीचे काढा.

रोबस्टाबद्दलही हीच सावधगिरी. रोबस्टा ही कॉफीची दुसरी मुख्य जात, ती म्हणजे दोष नव्हे. धुतलेली, नीट निवडलेली ‘कापी रॉयल’ मिश्रणात १५-२० टक्के घातली तर कप घट्ट आणि स्वच्छ राहतो. रबर, ओलं लाकूड, बुरशी अशी जी चव लोक रोबस्टाच्या नावावर खपवतात, ती पुष्कळदा उरलासुरला काळा आणि तुकड्यांचा माल भरल्याची असते.

तुमच्या पिशवीपुरतं बोलायचं तर दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत. टरफली तुरटपणा क्वेकरचा, तो ताटात निवडून आज संध्याकाळीच नाहीसा होईल. कुजकट वास स्टिंकरचा, तो निवडून जाणार नाही, ही पिशवी संपेपर्यंत प्रत्येक डोस हुंगत राहावं लागेल. रोस्टरला कळवताना नुसतं ‘चव बिघडली’ लिहू नका. १०० ग्रॅममध्ये फिकट किती निघाले, पाच कपांपैकी किती कप वेगळे लागले, वास कुठला होता, आणि पिशवीवरचा लॉट नंबर व भाजल्याची तारीख एवढं पाठवा, सोबत पांढऱ्या कागदावरच्या डबीतल्या दाण्यांचा फोटो. क्वेकरची तक्रार असेल तर पुढच्या भाजणीत निवड कडक करून चालेल. स्टिंकर पाचांतल्या एका कपात जरी आला असेल तर त्या लॉटची दुसरी पिशवी घेऊ नका.